मरू द्या त्याला, अण्णा!

बॅटरीचा आकडा साठावरून एकदम पाचवर उडी मारायचा आणि पाच दिसले रे दिसले की लॅपटॉप झोपी जायचा. कॉलरचा नमुना पडद्यावर अर्धाच काढून झालेला असायचा. मग काळ्या पडद्यात सूनबाईला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसायचं.

उद्या शिवणकाम संस्थेत तिला परीक्षेचा तास घ्यायचा होता. जमला तर शिक्षिकेची नोकरी, नाहीतर आहेच लोकांच्या पँटींची उंची कमी करणं. वर्गातले सगळे प्लग शिलाई मशिनांनी अडवलेले. म्हणजे अर्धा तास निव्वळ बॅटरीवर काढायचा. आणि बॅटरी तर गेल्याच आठवड्यात नवी टाकली होती!

"बॅटरी ठणठणीत आहे, ताई," दुरुस्तीवाली कालच म्हणाली होती. "डोकं म्हातारं झालंय. त्याला वाटतं जुनीच बॅटरी आहे. झोपायची सेटिंग मी बंद केलीय. आता हा आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग न थांबता पूर्ण भरा. तेव्हा आकडा खरं बोलेल. मध्येच चार्जर लावलात, की सगळं पहिल्यापासून."

सोपं काम. सकाळी सूनबाईने लॅपटॉप टेबलावर चालू ठेवला, चार्जर काढून बाजूला ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. परत येऊन बघते तर वायर जोडलेली, आकडा चढतोय.

"अण्णा!"

सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "लाल झाला होता गं. मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं."

तिने समजावून सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आकडा उतरला, लाल झाला, आणि ती भात टाकून येते तोवर चार्जर पुन्हा जागेवर!

"अहो, सांगितलं ना!"

"हात आपोआप गेला."

तिसऱ्यांदा तिने चार्जर कपाटात ठेवला. अण्णांनी मुलाच्या जुन्या सामानातून दुसरा शोधून काढला. तो बसलासुद्धा! एरवी या घरात चष्मा सापडत नाही.

आता मात्र सूनबाईचा बांध फुटला. "मरू द्या त्याला, अण्णा! मरू द्या एकदाचा! उद्या माझा तास बुडाला ना, तर पँटी तुम्ही शिवा!"

अण्णांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "माझ्या ड्यूटीत कधी काही बंद पडलं नाही गं."

अण्णांची सगळी नोकरी इस्पितळाच्या जनरेटर खोलीत गेली होती. दिवा लाल झाला की धावायचं. त्या दिव्यापलीकडे कुणीतरी ऑपरेशनच्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. सूनबाईला हे ठाऊक होतं. रागाच्या भरात आठवलं नव्हतं इतकंच. राग गेला नाही, पण आवाज खाली आला. तिने खुर्ची ओढून टेबलापाशी ठेवली.

"बसा इथे. तुमची ड्यूटी. कुणीही चार्जर लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

अण्णा बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आकडा पाचवर आला, लाल झाला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पंखा धापा टाकत होता. अण्णा मध्येच उठायचे, पुन्हा बसायचे. "सूनबाई, बघवत नाही." "मग तिकडे बघा." "तिकडे बघून ड्यूटी होते का?"

दुपार कलली आणि पडदा काळा झाला.

"गेला," अण्णा कुजबुजले, आणि तिच्या हो म्हणण्याआधीच त्यांनी वायर खुपसली. मग प्लगच्या बटणावर, कुणी बंद करू नये म्हणून, पंजा ठेवून असे बसले, की चहासुद्धा डाव्या हातानेच घेतला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई घरी आली तेव्हा अण्णा दारातच उभे.

"किती उरली?"

"चौदा टक्के. एकदाही उडी मारली नाही. आणि सोमवारपासून या म्हणाले."

"चौदा!" अण्णांनी बाकीचं ऐकलंच नाही. "इतकी खाली जाऊ दिलीस?" त्यांनी तिच्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली आणि तरातरा प्लगकडे निघाले.

सूनबाईने त्यांना जाऊ दिलं आणि चपला काढायला खाली वाकली.