बाईंच्या पांढऱ्या वाफ्यात मी

मी कांदा बोलतोय. चिरून रडवणारा नव्हे. मातीत पुरून ज्याची वाट पाहतात तो, ट्यूलिपचा. दिसायला आम्ही दोघे सख्खे भाऊ, त्यामुळे मला कुणी स्वयंपाकघराजवळ ठेवलं की माझा जीव खालीवर होतो.

माझा जन्म समुद्राकाठच्या रेताड शेतातला. तिथली रीतच न्यारी. आम्ही वर्षभर खपून फूल काढायचं, आणि ते उमललं रे उमललं की यंत्राने त्याची मान उडवायची. का, तर सगळी ताकद खाली कांद्यात उतरावी. उन्हाळ्यात आम्हाला उपटलं, झटकलं, चाळण्यांतून मापलं. त्या गडबडीत मी घरंगळलो तो थेट पांढऱ्या फुलांच्या कांद्यांत. मी जातीचा लाल. पण सालीवर कुठे लिहिलेलं असतं?

जाळीच्या पिशवीत आम्ही पन्नास जण फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावी, फ्रौकेबाईंच्या घरी पोचलो. बाई चाळीस वर्षं गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या हे गावाला कळलं होतं, बाईंना नव्हतं. त्यांचा नवरा सीब्रन कालव्यावरचा पूल सांभाळायचा. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली, आणि घरी बाई बोलल्या की मान खाली.

बागेत बाईंचा कायदा एकच: सगळं पांढरं. लायलॅकचं झुडूप पांढरं, हायड्रेंजिया पांढरी, आणि मार्चमध्ये शेजारच्या बौकेच्या झुडपाची पिवळी फांदी कुंपणावरून डोकावली, की बाई कात्री घेऊन हजर. बौके पन्नाशीचा, पण बाईंचा विद्यार्थी. तो नुसता म्हणायचा, "बाई, लहान आहे हो ती. अजून कळत नाही तिला."

ऑक्टोबर संपता संपता सीब्रनने दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि आम्हाला वीतभर खोल पुरलं. बाई पायरीवर उभ्या होत्या.

"सीब्रन, ओळ वाकडी आहे."

"दोरी लावलीय, फ्रौके."

"मग दोरी वाकडी आहे."

"ताणलेली दोरी वाकडी कशी असेल?"

"तुझी असते."

बिचाऱ्याने सगळे कांदे उकरून पुन्हा लावले. दुसऱ्यांदाही बाईंनी नाक मुरडलं. मी शपथेवर सांगतो, दोन्ही वेळा ओळ सरळ होती. पण मुख्याध्यापिकेशी कोण वाद घालणार?

हिवाळाभर मी थंडी खाल्ली. कडाका सोसल्याशिवाय आम्हाला फूल येत नाही. एप्रिलमध्ये कळी धरली तेव्हा दोघं बाकावर कॉफी पीत बसली होती. बाई म्हणाल्या, "पेपर वाच मोठ्याने. माझा चष्मा वर राहिलाय."

"आणून देतो की."

"नको. वाच."

चष्मा रोज वरच राहायचा. माणसं विसरभोळी असतात, असं मी समजलो.

महिनाअखेरीला एकोणपन्नास पांढरी फुलं शिस्तीत उमलली. आणि पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, भर वर्गात कुणी शिट्टी मारावी तसा मी! लालभडक. लाजेने आणखी लाल झालो असेन.

बौके कुंपणाशी आला आणि हरखलाच. "सीब्रनकाका, पैज! दुपारपर्यंत याची मान उडते. हरलो तर साखरेचा पाव माझ्याकडून."

बाई आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी देठापासून कापत होतो. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. कसं पांढरंशुभ्र दिसतंय." आणि आत गेल्या.

मला क्षमा झाली! मी असा फुगलो की पाकळ्या मिटेनात. वाटलं, माझं रूपच असं, की कायदासुद्धा हरला. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी बौके पाव घेऊन आला. "म्हातारपणी बाई मवाळ झाल्या, काका," तो म्हणाला. सीब्रनने पावाला हात लावला नाही. तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

त्या संध्याकाळी तो बाईंशेजारी बसला.

"फ्रौके, पुढच्या ओळीत मधोमध काय आहे?"

"ट्यूलिप."

"रंग?"

"माझी परीक्षा घेतोस?"

"हो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"लाल," त्या म्हणाल्या. आवाज बाईंचा वाटलाच नाही. "तिरकं पाहिलं तर दिसतो. समोरून बघितलं की तिथे नुसता धुराचा डाग."

"कधीपासून?"

"तुझी ओळ वाकडी दिसायला लागली तेव्हापासून."

"आणि मी दोनदा दोरी बांधली!" सीब्रन हसायला गेला आणि त्याचे डोळे भरले. "सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला हात धरून चालवलं असतंस. चाळीस वर्षं मी मुलांना रांगेत चालवलंय, सीब्रन."

"मग तू माझा हात धर," तो म्हणाला. "इस्पितळाची भीती मला वाटते."

माझा सगळा फुगा फुटला. क्षमा नव्हती, रूप नव्हतं. बाईंना मी दिसलोच नव्हतो.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र राखता येईल. दर महिन्याला डोळ्यात औषधाची सुई. बाईंनी हूं की चूं केलं नाही. बाहेर खुर्चीत बसलेल्या सीब्रनलाच भोवळ आली. ही बातमी बाईंनीच बौकेला सांगितली, आणि त्याने ती गावभर केली.

त्याला चार वसंत झाले. उरलेली नजर टिकली आहे. बाई पेपर वाचू शकत नाहीत, पण सीब्रनने एखादी ओळ गाळली तर त्यांना बरोबर कळतं. रोज सकाळी त्या गुडघे टेकून बोटांनी पाकळ्या चाचपतात आणि तिरक्या नजरेने रंग ओळखतात.

यंदा मला फूल आलं नाही. थकलोय; एकच रुंद पान काढलं. सीब्रन खुरपं घेऊन आला होता. "हा संपला, फ्रौके. टाकू खतात?"

बाईंनी पान चाचपलं. "नापास झाला म्हणून शाळेतून काढत नाहीत. लायलॅकखाली लाव. मागच्या बाकावर बसू दे."

तर मी आता इथे, लायलॅकच्या सावलीत आहे. जाता जाता एक विनंती. फुलं गेल्यावर आमची पानं लोळतात, पिवळी पडतात, बागेची शोभा घालवतात. तुमचे हात शिवशिवतात, कळतं मला. पण ती आपणहून वाळेपर्यंत कापू नका. पुढच्या वर्षाचं जे काही असतं, ते आम्ही त्या दिवसांतच गोळा करत असतो.