अळीसाठी सोडलेला पट्टा

नीमा टांझानियातल्या शिन्यांगाची. बापाची तिकडे कापसाचीच शेती, म्हणून एम.एस्सी.साठी भारतात यायचं ठरलं तेव्हा तिनं अकोल्याचं कृषी विद्यापीठ निवडलं. पहिलं वर्ष वर्ग, होस्टेलचं जेवण आणि ऊन यांच्याशी जमवून घेण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी संशोधनासाठी शेत हवं होतं. विषय होता गुलाबी बोंडअळी. गाईड गावंडे मॅडमनी तिला हिवरखेडला शेषराव तायड्यांकडे पाठवलं. त्यांचा मुलगा नागसेन मॅडमचा जुना विद्यार्थी, आता अमरावतीला बँकेत होता.

पहिल्या दिवशी गावातली पोरं तिचे केस बघत मागोमाग आली. शेषरावांची बायको पंचफुलाबाई मात्र नाव ऐकून म्हणाली, "निमा? हे तं आपल्याकडलंच नाव हाय!" आणि तेवढ्यावर तिनं पोरीला घरात घेतलं. मग आठवड्यातले दोन-तीन दिवस नीमा तिथंच राहू लागली. भाकर तिला लगेच जमली, चुनाला, म्हणजे तिथल्या पिठल्याला, थोडा वेळ लागला. वर्गात इंग्रजी, होस्टेलात हिंदी आणि हिवरखेडात थेट "मी जेवून राहिली, माय" असं तिचं चाललं होतं.

शेषरावांनी दिलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तुकड्याचे तिनं पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्यावर वेगळं औषध, आणि एकावर काहीच नाही. औषधानं किती फरक पडतो हे कळायचं, तर अळीनं मनसोक्त खाल्लेला एक पट्टा शेजारी हवाच. हे तिनं शेषरावांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून समजावलं, नागसेनला फोनवर सांगितलं. दोघांनाही पटलं.

ऑक्टोबरात, अळी ऐन जोरात असताना, नीमाला डेंगू झाला. अकोल्याच्या दवाखान्यात आणि मग होस्टेलच्या खाटेवर ती पडून राहिली. त्याच सुमारास शेषराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागसेनकडे अमरावतीला गेले होते. पंचफुलाबाई एकटीच एसटीनं अकोल्याला येऊन तिला भेटून गेली. "पऱ्हाटीची फिकर करू नोको. मी पाहून राहिली," म्हणाली.

अंगात जरा ताकद आल्यावर नीमा हिवरखेडला गेली ती थेट शेतात. अळीच्या पट्ट्यात तिनं एक बोंड फोडलं, दुसरं फोडलं. आत नवी अळी एकही नव्हती. पानांना औषधाचा वास येत होता.

"इथं कोनं फवारलं?"

"म्या," पंचफुलाबाई खुशीत म्हणाली. "फवारणीवाल्या डोमाजीले पंप घेऊन बलावलं. तू तापानं पडली, अन् तुह्या एका पट्ट्याले अळी खाऊन राहिली. येणारे-जाणारे हासत होते. नापास झाली असती नं तू!"

नीमा ओरडली. वऱ्हाडीत काही सुचेना, म्हणून स्वाहिलीत ओरडली. शब्द कळले नाहीत तरी बाईचा चेहरा उतरला. एवढ्यात काळा चष्मा लावलेले, कालच अमरावतीहून परतलेले शेषराव आले आणि ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवं, तो पट्टा तसाच ठेवाचा होता! फवारलं काहून?"

"मले कोनं सांगतलं?" पंचफुलाबाई म्हणाली. "तुमी सांगतलं? का इनं सांगतलं?"

घरातल्या दोन्ही पुरुषांना नीमानं सगळं समजावलं होतं. जी बाई रोज शेतात जात होती आणि आल्या-आल्या तिच्यापुढं ताट ठेवत होती, तिला काहीच सांगितलं नव्हतं.

होस्टेलात तिची रूममेट, तिवस्याची प्रणाली, म्हणाली, "आकडे साधारण किती येतात ते तुला माहीत आहे. टाक ना अंदाजानं. कोण येणार आहे बघायला?"

नीमानं दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसून खरंच आकडे टाकले. दिसायला ते अगदी खरे वाटत होते. उन्हाळ्यात काम संपलं असतं आणि जुलैत बहिणीच्या लग्नाला ती घरी असती. पण हेच आकडे उद्या वाचून आपल्या बापासारखा कुणी फवारणी करील, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. तिनं ते पुसले आणि मॅडमना जाऊन सगळं सांगितलं.

"एक हंगाम वाढेल," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम."

फोनवर बाप मोठ्यानं हसला. "बरोबर केलं त्या बाईनं! मी तरी अळीला शेत खाऊ दिलं असतं का?" आई हसली नाही. लग्नाला येणार नाहीस का, एवढंच तिनं विचारलं आणि फोन बहिणीच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी पेरणीआधी नीमा पंचफुलाबाईला घेऊन शेतात गेली. "माय, अळीचा पट्टा कोनता ठेवू, तूच सांग."

"अळीले खाऊ द्याचं? मंग तिथं पऱ्हाटी लावतं कायले?"

नीमानं समजावलं. पटेपर्यंत दुपार झाली. मग पंचफुलाबाईनंच रस्त्याकडचा नको, आतला पट्टा दाखवला. लोकांना दिसायला नको म्हणून. जुलैतलं लग्न दोघींनी मोबाइलवर पाहिलं. ही कोण, तो कोण, असं विचारून बाईनं नीमाला रडायला सवडच दिली नाही.

पावसाळा सरता सरता अळी आली. पंप घेऊन धुऱ्यावर आलेल्या डोमाजीला पंचफुलाबाईनं स्वतः परत पाठवलं. पण तो खाल्लेला पट्टा तिला बघवेना. ती लांबून फिरून जायची.

वेचणीला मात्र त्या पट्ट्यात तीच शिरली. निघाला तो पिवळट, किडका, सगळा कवडी कापूस. नीमानं तो काट्याला लावला.

"एवढासाच?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"एवढासाच पायजे होता, माय."

"आग लागो तुह्या शिक्षणाले," असं म्हणत बाईनं कापसाची ओटी सावरली आणि ती पऱ्हाटीच्या पुढच्या ओळीला लागली. नीमानं आकडा लिहून घेतला आणि तीही ओटी बांधून तिच्या मागून निघाली.