काटा दोनवर होता

जयपालचं उद्यमनगरात बॉयलरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि फोनमध्ये साडेचारशे माणसांचा ‘बॉयलर दुरुस्ती’ ग्रुप. ग्रुपचा ॲडमिन तोच, आणि ॲडमिन कसला, खडूस हेडमास्तर! कुणी गुड मॉर्निंग टाकलं, उडवलं. वाढदिवसाचा केक, उडवला. प्रश्न लिहून विचारायचा, सोबत मशीनचा फोटो. उत्तर दोन ओळींत. व्हॉइस मेसेज बंद म्हणजे बंद. लोक कुरकुरायचे, पण ग्रुप कसा लख्ख होता, आणि जयपालला त्याचा भारी अभिमान.

खरं सांगायचं तर तो शेवटचा नियम एकाच माणसासाठी होता. शिवाजी पेठेतले गुंडूमामा, चाळीस वर्षं बॉयलर उघडून हात भाजलेला मिस्त्री. मामांना लिहायचा कंटाळा. ते बोलायचे. आधी राम राम, मग पाऊसपाणी, मग कालच्या फुटबॉल मॅचमध्ये पेठेची गेलेली इज्जत, आणि मुद्दा यायचा पार शेवटी, जेवणानंतरच्या पानासारखा.

मंगळवारी सकाळी आजऱ्याच्या क्रांतीचा प्रश्न आला. तिचं काजू वाफवायचं छोटं युनिट होतं. ‘प्रेशरचा काटा दोनवरच आहे, तरी सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा वाफ सोडतोय. काय करू?’ सोबत फोटो. पाच मिनिटांत विजयसिंह नावाच्या एका वर्कशॉपवाल्याचं उत्तर, तेही नियमात: ‘स्प्रिंग सैल झाली. वरचा बोल्ट दोन फेरे आवळा.’ जयपाल सुटे भाग विकायचा, बॉयलर त्यानं जन्मात उघडला नव्हता. खूश होऊन त्यानं अंगठा दिला.

तेवढ्यात गुंडूमामांचा तीन मिनिटांचा मेसेज. ‘राम राम पावणं. आजऱ्याला पाऊस काय म्हणतोय? आमच्याकडं...’ जयपालनं कपाळावर हात मारला आणि मेसेज उडवला.

थोड्या वेळानं फोन वाजला.

‘जयपाल्या, शेवटाला काय सांगितलंय ते ऐकलंस व्हय?’

‘मामा, नियम हाय की...’

‘नियम घाल चुलीत! तिच्या काट्याच्या नळीत क्षार बसलाय. काटा खोटं बोलतोय, व्हॉल्व्ह खरं बोलतोय! पोरीनं त्यो आवळला तर बॉयलर फुटंल की रं!’

जयपालनं झटकन ग्रुप उघडला. क्रांतीनं लिहिलं होतं, ‘धन्यवाद दादा. आवळते.’ त्यानं तिला फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. अरे देवा, काय करून बसलो मी! चौथ्यांदा तिनं उचलला.

‘क्रांती, बोल्टला हात लावू नको!’

‘पाना लावलाय दादा, अर्धा फेरा झाला...’

‘सोड त्यो पाना! आत कोण हाय?’

‘बायका हायत की. अकराजणी. काजू सोलाय बसल्यात.’

‘त्यास्नी घेऊन भाईर पळ! आधी भाईर, मग बोल!’

फोन चालूच राहिला. क्रांतीच्या हाका, पळणारे पाय, पत्र्याचं दार आपटल्याचा आवाज. जयपाल दुकानात फोन कानाला लावून उभा होता. मग बराच वेळ नुसती वाफेची शिट्टी, आणि नवं जळण न पडल्यानं जाळ विझत गेला तशी तीही बारीक होत गेली.

‘सगळ्याजणी भाईर हायत दादा,’ क्रांती म्हणाली.

दुपारनंतर क्रांतीनं गार झालेल्या बॉयलरच्या काट्याची नळी उघडून फोटो पाठवला, तर ती पांढऱ्या क्षारानं गच्च. जयपाल तडक शिवाजी पेठेत गेला.

‘मामा, चुकलं माझं. विजयसिंहचं उत्तर आत्ताच उडवतो.’

‘उडवू नको. त्याच्याखाली लिही, हे का चुकलं. न्हायतर उद्या दुसरा कोणतरी आवळंल.’ मामांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘आणि तू रं? तूबी माझा व्हॉल्व्हच आवळलास की!’ मामा खदखदा हसले. जयपालला हसू येईना. त्याचे डोळे भरून आले.

तिथंच मामांच्या कट्ट्यावर बसून त्यानं ग्रुपवर सगळं लिहिलं, स्वतःच्या अंगठ्यासकट. गुड मॉर्निंग बंदच राहील, पण व्हॉइस मेसेज चालू, आणि काहीही उडवायच्या आधी ॲडमिननं ते शेवटपर्यंत ऐकायचं. विजयसिंहनं खाली लिहिलं, ‘चूक माझीपण. शिकलो.’

बुधवारी क्रांतीचा एक फोटो आला. ना मशीन, ना प्रश्न. युनिटच्या अंगणात बायका भाकरी खायला बसलेल्या, कुणी हसतीय, कुणी पदर सावरतीय. खाली लिहिलं होतं, ‘दादा, नियमात बसत न्हाय. उडवला तरी चालंल, पण आधी बघा.’

जयपालनं बोटानं एकेक चेहरा मोजला. अकरा भरले. मग तो फोटो त्यानं ग्रुपच्या अगदी वर लावून ठेवला.