जानराव सरांचं गाठोडं

जानराव सरांच्या गळ्यात शिट्टी नसती तर त्यांना कोणी ओळखलंही नसतं. लग्नाकार्यातसुद्धा कोटाच्या आत शिट्टी असायचीच. सावरखेडीच्या शाळेत सव्वीस वर्षं त्यांनी पोरापोरींना पळवलं, पाडलं, उठवलं. माणूस रागीट, पण राग कसा, तर दुधासारखा. भसकन वर येणार आणि फुंकर मारली की खाली. तेवढ्यात जे उतू जाईल ते मात्र उतूनच जायचं, आणि ही गोष्ट त्या उतू गेलेल्याचीच आहे.

सरांचा एक कायदा होता. मैदानावर भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सगळ्या टीमनं लिंबाखाली बसायचं आणि एकेकानं आपलं गाठोडं सोडायचं. म्हणजे आपण काय चुकलो तेवढंच सांगायचं. दुसऱ्याचं गाठोडं सोडायचं नाही, त्याची गाठसुद्धा चाचपायची नाही. जो दुसऱ्याचं नाव घेईल त्याला मैदानाला पाच चकरा. स्वतःची चूक सांगितली तरी पाच चकराच, पण त्या सगळ्या टीमच्या टाळ्यांत. पोरी हसायच्या, पण कायदा पाळायच्या. इतका पाळायच्या की एक दिवस तोच सरांच्या गळ्याशी आला.

मेहकरला तालुक्याची कबड्डी होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. शेवटचा सामना सावरखेडी विरुद्ध अंजनवाडी. सावरखेडीच्या पोरी आठ आणि जर्स्या सात. कोण्या दात्यानं दिल्या तेव्हा 'कबड्डीत सातच तर खेळतात' असं म्हणून सातच दिल्या, झालं. राखीव पोरगी मैदानात जायची झाली की बाहेर येणारीनं टी-शर्टवरची जर्सी उतरवून तिच्या डोक्यातून घालायची. घामानं ओली, तरी चालायचं.

सात नंबर म्हणजे काजल. कप्तान. चढाईला गेली की समोरच्यांचे पाय आपोआप मागं सरकायचे. पण सामना संपायला पाच मिनिटं असताना तिचा पाय मुरगळला. त्या वेळी सर गुण लिहिणाऱ्याच्या टेबलावर हात आपटून एका गुणासाठी भांडत होते. मागून काजल ओरडली, "सर, बदली करू का?" सरांनी मागं न बघता हात हलवला, "करा ना वं! मले काय इचारता!"

मग दोनच मिनिटांत धुरळा उडाला. अंजनवाडीच्या करिष्मानं सात नंबरला पकडलं, सात नंबर उठली आणि फाडकन् आवाज आला. पुढं कोणाचा हात कोणाच्या गालावर, काही कळेना. चौदाही पोरी एकमेकींच्या अंगावर. सर मधे घुसले, कोणाचं तरी कोपर नाकावर बसलं, चष्मा मातीत गेला. माती झटकत उभे राहतात तोच पंच वही घेऊन समोर. "सर, तुमच्या सात नंबरनं हात उचलला. मी डोळ्यांनी पाह्यलं. नाव सांगा."

आणि दूध उतू गेलं. "सात नंबर? काजल! लिहा! दोन सामने बंद करा तिले! कप्तान होऊन असं वागते!" बिनचष्म्यानंच त्यांनी फराट्याची सही ठोकली.

तरी सामना एका गुणानं सावरखेडीनंच जिंकला. सोमवारी बुलडाण्याला जिल्ह्याची स्पर्धा. पण जिंकून परत येताना जीपमध्ये एक पोरगी बोलेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बैठक बसली. एकीनं सांगितलं, "म्या चावलं." दुसरी म्हणाली, "मी आईवरून शिवी देल्ली." तिसरीनं कोणाची तरी बाही फाडली होती. टाळ्या पडत गेल्या. पूनमची पाळी आली. ही आठवी खेळाडू, राखीव. घरून निघाल्यापासून परत येईस्तोवर चार शब्द बोलणारी. ती मातीत काडीनं रेघा ओढत म्हणाली, "मी पाण्याची कॅन भरली नव्हती."

"बरं. काजल?"

"मी नाई मारलं, सर."

"पंचानं पाह्यलं."

"मी नाई मारलं."

"मंग कोनं मारलं?"

काजलनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "थे माह्यं गाठोडं नाई, सर."

सर भडकलेच. त्यांचाच कायदा त्यांच्याच तोंडावर! "झालं! निर्णय झाला. बुलडाण्याले काजलच्या जागी पूनम खेळीन." पूनमच्या हातातली काडी मोडली. बाकीच्या सहाजणी खाली बघत बसल्या. सरांना वाटलं, कप्तान गेल्याचं दुःख आहे.

शनिवारी सकाळी सर ओट्यावर चहा पीत बसले होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. तालुक्याच्या स्पर्धेचं काम बघणाऱ्या सत्यभामा मॅडमचा फोन. बाई शिस्तीची. भांडणात दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय कोणाला शिक्षा पक्की करायची नाही, हा त्यांचा नेम. "अंजनवाडीच्या पोरीनं लेखी देल्लं, जानराव सर. तुमाले फोटो पाठवला. तुमच्या पोरीचंही संध्याकाळपर्यंत पाठवा. मंग दोघींचं बरोबरीनं काय ते करू."

सरांनी चष्मा वर सरकवून कागद मोठ्यानं वाचला. बायकोला, अन्नपूर्णाला, ऐकवल्याशिवाय त्यांना वाचलेलं पचतच नसे. "'मी अंजनवाडीची करिष्मा. पकडताना मी सात नंबरची वेणी हातात गुंडाळून ओढली. ती पडली तरी सोडली नाही. मग तिने मला मारले. माझे चुकले.' पाहा, पोरगी खरी हाय."

अन्नपूर्णा त्याच सात जर्स्या दोरीवर वाळत घालत होती. ती थांबली. "सात नंबरची काय ओढली?"

"वेणी."

"काजलची?" अन्नपूर्णाला हसूच आवरेना. "अवो, थ्या पोरीचे केस तं तुमच्याहून बारीक हायेत! दिवाळीपासून पोरावानी कापले तिनं. तिले वेणी कुठून आली? बाजारातून आनली का?"

सरांचा चहा कपातच राहिला.

काजलला वेणी नव्हती. कंबरेपर्यंत वेणी एकीलाच होती, आणि ती आठवी होती. मग त्यांना तो आपलाच हलवलेला हात आठवला. करा ना वं, मले काय इचारता. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी देणारा कोण, तर स्वतः जानराव! त्यांना इतकी लाज वाटली की बायकोकडे वर बघवेना.

"आता पूनमले बोलावून खडसावतो!" ते उठलेच.

"खडसावा," अन्नपूर्णा म्हणाली. "पन दुसऱ्याचं गाठोडं सोडाचं नाई, असा कोन्या सरांचा कायदा हाय म्हनतात."

सर बसले. खरंच की. सव्वीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते एका सकाळीत मोडायचं? आणि पूनमचं नाव आपण घेतलं तर ती पकडली गेली असं होईल, खरं बोलली असं नाही होणार. पण ती बोललीच नाही तर? काजलचा काहीच गुन्हा नाही आणि सोमवारी ती घरी बसेल. बराच वेळ ते नुसते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग उठले आणि शाळेकडे निघाले. पायजमा बदलायचंही भान नव्हतं.

सराव सोडून आठही पोरी लिंबाखाली आल्या. सर रोज उभे राहत, आज पोरींच्या रांगेत मातीत बसले. पोरी चपापल्या.

"आज पयले मी सोडतो," सर म्हणाले. "माह्यं गाठोडं मोठं हाय. बदली झाली तवा मी पाह्यलं नाई. चष्मा नव्हता, तरी नाव सांगतलं. काजलले एक शब्द इचारला नाई, आन् सही केली. काल ती खरं बोलली तं तिच्यावरच वरडलो. ज्या कामासाठी सरकार मले पगार देते तेच काम मी डोये मिटून केलं. काजल, माह्यं चुकलं वं बाई." मग ते उठून उभे राहिले. "कायद्यानं पाच चकरा. मोजा."

आणि पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला तो माणूस पायजम्यात पळायला लागला. पोरी आधी थिजल्या. मग एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी, आणि मग खिदळणं सुरू झालं. "सर, गुडघे वर!" रोज सर जे ओरडायचे तेच त्या ओरडत होत्या. दुसऱ्या चकरेला सरांना धाप लागली. तिसऱ्या चकरेत शेजारी कोणाची तरी पावलं वाजली. बघतात तर पूनम. रडत रडत पळत होती, वेणी पाठीवर आपटत होती.

"सर, मी मारलं."

"पळता पळता नोको सांगू. दम लागते."

"मीच मारलं सर. तिनं..." ती अडखळली. करिष्माचं नाव तोंडाशी आलं होतं, ते तिनं गिळलं. "मले राग आला. जोरात मारलं. आन् काल बोलली नाई. मायनं नवे बूट आनले, बुलडाण्याले मॅटवर खेळतात म्हनून. साऱ्या गल्लीले दाखवले. मले वाटलं, काजलताई तं दरसाल जाते, मले एकडाव तरी..." पुढचं हुंदक्यात गेलं.

पोरीला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मिळत होतं आणि ते आता तिनं स्वतःच्या हातानं परत दिलं होतं. सरांना वाटलं, सोडून द्यावं. पण तिकडे अंजनवाडीची करिष्माही खरं बोलली होती. तिला बंदी आणि आपलीला माफी, असं कसं चालेल? आपलं ते लेकरू आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा काही कायदा नव्हे.

"दोन सामने बाहेर बसा लागीन, पूनम," ते धापा टाकत म्हणाले. "करिष्मालेही तितकेच. माप एकच."

"हाव सर."

"पन तिसऱ्याले बंदी नाई. तिसरा आला तं तू."

"तिसरा येईन का सर?"

"थे मले नोको इचारू. थ्या सातजनींले इचार."

तिसरी चक्कर लिंबापाशी पुरी झाली, तशी काजल लंगडत पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "येईन," ती म्हणाली. "नाई आला तं मी पाच चकरा मारतो." सगळ्या हसल्या, पूनमसुद्धा, नाक पुसत. उरलेल्या दोन चकरा नऊच्या नऊ जणांनी मिळून मारल्या, काजलनं लंगडत लंगडत.

दुपारी सरांनी सत्यभामा मॅडमना दोन कागद पाठवले. एक पूनमचा आणि एक स्वतःचा. मॅडमचा लगेच फोन आला. "सर, मास्तरचा कबुलीजबाब मले नोकरीत पयल्यांदाच आला. फाइलीत कुठं लावू?"

"सगळ्यात वर," सर म्हणाले.

रविवारी त्यांनी आपला एक जुना निळा टी-शर्ट काढला आणि ऑइल पेंटनं पाठीवर आठ काढला. थोडा वाकडाच आला.

सोमवारी बुलडाण्यात दोन सामने पूनम मॅटच्या कडेला बसून राहिली. नवे बूट घालून, वाकडा आठ पाठीवर घेऊन, घसा बसेपर्यंत ओरडली. पहिला सामना पोरींनी आरामात काढला. दुसरा असा अडकला की सरांनी शिट्टीची दोरी चावून तोडली. शेवटच्या चढाईला काजल दुखरा पाय ओढत रेषेला टेकली आणि तिसरा सामना आला.

तिसऱ्यात सुरुवातीपासून काजलच्या जागी पूनम होती. दहाव्या मिनिटाला समोरच्या टीमची धिप्पाड पोरगी चढाईला आली. पूनमनं तिचा घोटा धरला. त्या झटापटीत पूनमची वेणी त्या पोरीच्या मुठीत सापडली आणि मान मागं ओढली गेली. सरांचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा पूनमनं हात उचलला नव्हता. तिचे दोन्ही हात अजून त्या घोट्यालाच होते.

पंचाची शिट्टी वाजली. गुण सावरखेडीला. वेणी ओढणारीला ताकीद. टेबलावरचा माणूस पेन उचलून ओरडला, "पकड आठ नंबरची! नाव सांगा, सर!"

नाव सरांना पाठ होतं. तरी त्यांनी हात नुसता हलवला नाही. ते उठले, चष्मा रुमालानं पुसला, डोळ्यांवर नीट बसवला आणि मॅटच्या कडेपर्यंत चालत गेले. पाठीवरचा वाकडा आठ पाहिला. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पाहिला. मग ते टेबलापाशी आले.

"पूनम," ते म्हणाले. "मी पाह्यलं. लिहा."