प्रेमलाचा शालू

आमच्या घराखाली बच्चालालची भट्टी आहे. लोक जुन्या बनारसी साड्या आणून देतात. तो त्या जाळतो आणि राखेतली जरीची तार तेजाबात टाकून चांदी काढतो. तेजाबातून तांबडा धूर उठतो आणि जिन्याने आमच्या घरात येतो. त्या धुरात खोकत खोकत माझी बायको प्रेमला गेली. दोन वर्षं झाली. आता सून सुमेधा सातव्या महिन्यात आहे आणि तिला तसाच खोकला लागला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळासाठी तरी ही हवा बदला. माझ्या पेन्शनीत आणि मुलाच्या पगारात दुसरं घर होत नाही.

मी तक्रार केली, तेव्हा प्रदूषण खात्याची गाडी दोनदा येऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली की पानवाला आत निरोप धाडतो. माणसं पोचेपर्यंत भट्टी विझलेली, तेजाबाच्या परातींवर गोणपाट. काही आढळलं नाही, असं म्हणून ती परत गेली.

मग सुमेधाच म्हणाली, "बाबा, चैत्रातलं हळदीकुंकू आहे. त्या दिवशी बायका येतातच. खात्याच्या त्या साहेबबाईंनाही बोलवा."

बाई रिक्षाने आल्या, चारचौघींसारखी साडी नेसून. पानवाल्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सुमेधाने त्यांना हळदीकुंकू लावलं, कैरीची डाळ दिली, पन्हं दिलं.

पण भट्टी थंड होती. सकाळपासून मालच आला नव्हता. बाकीच्या बायका ओटी घेऊन गेल्या. बाई घड्याळ बघायला लागल्या.

"आता निघते," त्या म्हणाल्या. "आजही काही दिसलं नाही, तर तुमची तक्रार बंद होईल."

"जरा थांबा," म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. ट्रंकेतून प्रेमलाचा लग्नातला शालू काढला. खऱ्या जरीचा. सुमेधाला डोहाळजेवणाला नेसवा, असं ती सांगून गेली होती.

सुमेधा दारात उभी होती. तिला लगेच कळलं.

"बाबा, तो नको."

"दुसरं काय आहे घरात?"

तिला खोकल्याची उबळ आली. तिने पदर तोंडावर दाबला. मी खाली उतरलो.

"आइए, गार्डबाबू!" बच्चालाल हसला. मी रेल्वेत गार्ड होतो, तेव्हापासून गल्लीत हेच नाव; प्रेमला भौजी, म्हणजे वहिनी. "ऊपर दावत है और हमारी दाल नहीं आई? भौजी तो हर साल भेजती थीं."

"आएगी. पहले ये जला."

त्याने घडी उलगडली आणि त्याचा हात थांबला.

"ये तो भौजी की है."

"हाँ."

"नहीं जलाऊँगा. घर ले जाइए."

वर जिन्यात चपला वाजल्या. बाई निघाल्या होत्या. भारी साडी असेल आणि धनी उभा राहिला, तर ती त्याच्या डोळ्यांदेखत जाळायची, ही त्या धंद्याची रीत. नाहीतर चांदी मारली म्हणतात.

"मैं खड़ा हूँ," मी म्हणालो. "मेरे सामने जला."

"मुझपे शक है, बाबू?"

"है."

शक नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्याने भट्टी पेटवली आणि शालू कढईत टाकला. केस जळल्यासारखा वास सुटला. हिरवा रंग गेला, काठ गेले. चपलांचा आवाज मधल्या पायऱ्यांवर थांबला होता.

त्याने राखेतली एक तार चिमट्यात धरली. ती काळी पडली नव्हती.

"देख लीजिए. असली है. भौजी की चीज़ नकली होगी क्या?"

सगळी राख त्याने तेजाबात ओतली. तांबडा धूर उठला आणि जिन्याकडे वळला. धुरातून बाई खाली आल्या. कपाळाला कुंकू, हातात मोबाईल, फोटो काढत. बच्चालालने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गोणपाट बाजूलाच होतं. त्याने ते उचललं नाही.

बाईंनी फोन करून माणसं बोलावली. भट्टीला सील लागलं, परातींनाही.

"गार्डबाबू," तो म्हणाला, "आपकी चाँदी तो अंदर ही रह गई."

"रहने दे."

संध्याकाळी सुमेधाने जिन्याचं दार उघडं टाकलं. किती दिवसांनी. ओट्यावर बच्चालालसाठी डाळीची वाटी झाकून ठेवली होती. ती खाली न्यायला ना सुमेधा उठली, ना मी.