दोन स्पीकरांमधली आई

रविवारी सकाळी धाकटीच्या घराच्या पायऱ्यांवर चपलांचा असा खच पडे, की दूधवाल्याला बाटल्या ठेवायला जागा उरत नसे. आत पुढच्या खोलीत माणसं भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. खोकला आला तर तोंडात रुमाल. मधोमध एकच खुर्ची. खुर्चीसमोर, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले, छातीला लागतील एवढे उंच दोन स्पीकर. एक खिडकीच्या बाजूला, दुसरा कपाटाच्या. आणि दोघांच्या मध्ये काही म्हणजे काही नाही, नुसती भिंत.

त्या रिकाम्या जागी धाकटीची आई येई.

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वडिलांनी हौसेनं घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर तिचा आवाज तेवढा राहिला होता. भाजी निवडताना गुणगुणणं, मधेच हसणं, "पोरींनो, दिवे लागले, आत या गं" अशी हाक. त्या टेपा आताच्या मुलांना दाखवल्या तर खेळणं वाटेल, पण तेव्हा घरातलं माणूस त्यात जपून ठेवत. दोघी बहिणींकडे एकेक प्रत होती. पण धाकटीकडे आवाज स्पीकरमधून येत नसे. खुर्चीत बसून डोळे मिटले, की आई समोर, मधोमध, हाताच्या अंतरावर उभी राहून बोले. डोळे उघडावेत तर भिंत! खुर्चीतून उठणारा माणूस डोळे पुशीतच उठे.

ही सगळी किमया नादगुरूंची. गुरुजी पूर्वी स्पीकर विकत असत. आता विकत नसत, 'स्थापना' करत. आवाज मऊ, दाढी विंचरलेली, आणि हातात एक काळी दोरी.

"देह गेला, नाद राहिला!" गुरुजी सुरू करत. "नाद कुठं जातो? कुठंच नाही! तो दार शोधतो. हे दोन खांब म्हणजे दाराच्या चौकटी. हे सूत्र खांबापासून खांबापर्यंत, आणि प्रत्येक खांबापासून या आसनापर्यंत, तिन्ही बाजूंना सारखं भरलं पाहिजे. लेक, माता आणि ब्रह्मांड! केसभर फरक पडला, की दार बंद!"

"आणि आम्हाला भिंतीकडून का नाही हो त्या मधोमध ऐकू येत?" शेजारची शिंपीणकाकू एकदा विचारून बसली. "मला तर नुसता त्या कपाटाजवळच्या डब्यातनं आवाज येतो."

"मन धुवून या, काकू."

"मला येतात ऐकू, अगदी मधोमध," पोस्टमास्तर लगेच म्हणाले. ते बसत खिडकीजवळच्या स्पीकरला जवळजवळ टेकून. तेव्हापासून भिंतीकडच्या सगळ्यांनाच ऐकू येऊ लागलं. न धुतलेलं मन चारचौघांत कोण दाखवणार?

सगळ्यांत मागे, दाराशी, ताई बसे. धाकटीची थोरली बहीण. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. ध्वनीचा धडा तिनं इतक्या वेळा शिकवला होता, की झोपेतसुद्धा सांगितला असता. अशी बाई या थोतांडावर पहिल्या दिवशीच हसेल, असं कुणालाही वाटेल. ती पहिल्या दिवशी खरंच हसली, आणि गुरुजींनी ते पाहिलं.

त्याच दिवशी तिची पाळी आली. ती खुर्चीत बसली, डोळे मिटले. आईचा आवाज आला, पण समोरून नाही. डावीकडून, खिडकीपाशी, असा दूरचा.

गुरुजी अँप्लिफायरजवळ बसून हळहळले. "अरेरे! माउली खिडकीशी गेली. ताईसाहेब, आईची तुमच्याकडे पाठ आहे."

ताईचं हसू तोंडातच वाळलं.

आता विज्ञानाच्या बाईनं यावर विश्वास कसा ठेवला? श्रद्धेनं ठेवलाच नाही. ठेवला तो मत्सरानं. तिला लहानपणापासून ठाऊकच होतं, की आईचा जीव धाकटीत. दुधावरची साय धाकटीला, आजारपणात उशाशी बसणं धाकटीच्या, आणि "तू मोठी ना?" हे मात्र ताईला. तेव्हा मेल्यावर आई जायची तर धाकटीकडेच जायची, हे तिला इतकं पटलं, इतकं पटलं, की त्याला पुरावा लागलाच नाही. देवभोळ्या माणसाला निदान कधीतरी शंका येते. जळणाऱ्या माणसाला तीही येत नाही.

ताईनं काय केलं? तीही स्पीकर घेऊन आली. धाकटीचे छातीला लागतात ना, मग हिचे खांद्याला लागणारे. दुकानदारानं विचारलं, "बाई, खोली केवढी?"

"खोलीचं काय करायचंय? सगळ्यांत मोठे द्या."

हमालांनी घामाघूम होऊन ती धुडं आत आणली. ताईनं एक कोपऱ्यात कपाटाला चिकटवून उभं केलं, दुसरं सोफ्यामागे, झाडलोटीला आड येऊ नये म्हणून. टेप लावली. कोपऱ्यातून आवाज घुमला तो असा, की आई विहिरीत उतरून बोलतेय. गुणगुणणं गेलं, हसणं गेलं, नुसतं भूं-भूं.

ताई पदराचं टोक चावत बसून राहिली. तिच्या मनानं लगेच निकाल दिला, माझ्याकडे यायचंच नाहीये तिला.

पुढच्या रविवारी गुरुजींनी शेवटचा घाव घातला. धाकटीला बाजूला घेतलं, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा ठेवला. "माउली अस्वस्थ आहे. ताईसाहेब घरात असल्या, की तिला दारात उभं राहवत नाही. एक रविवार येऊ द्या, निरोप घेऊ द्या. मग त्यांचं या घरात येणं थांबवा. नाहीतर माउली जाईल."

धाकटी आधीच एकटी. नवरा नाही, मूल नाही. तिनं ताईकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"अगं, बोल ना काहीतरी!" ताई म्हणाली.

"ताई, तुला काय, तू घट्ट आहेस. मला आई परत मिळालीये गं."

म्हणजे आई तर गेलीच होती, आता बहीणही चालली. रक्ताचं म्हणावं असं ताईला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दुसरा कुणी रडत घरी गेला असता. ताई मत्सरानं घरी गेली, पण जाण्यापूर्वी तिनं एक चोरी केली. धाकटी चहा टाकायला आत वळली, तशी ताईनं पिशवीतला विणकामाच्या लोकरीचा गुंडा काढला आणि खुंटीवरच्या त्या पवित्र काळ्या दोरीला भिडवून तेवढीच लोकर तोडून घेतली. आई हिला मिळते ना? मग तेच दार मी माझ्या घरात उघडीन. तीही बघू दे!

घरी येऊन तिनं ती धुडं एकटीनं ढकलली. फरशीवर ओरखडे उठले. कोपऱ्यातून काढली, भिंतीपासून पुढे ओढली, धाकटीकडच्यासारखी तोंडं किंचित आत वळवली, मध्ये सतरंजी टाकली, खिडकीचा जाड पडदा ओढला. स्पीकरपासून स्पीकरपर्यंत लोकर. खुर्ची अशी, की तिच्यापासून दोन्हींकडे तीच लोकर. टेप लावली. बसली. डोळे मिटले.

"पोरींनो, दिवे लागले..."

आई समोर उभी होती. मधोमध. पाठ नाही, तोंड करून.

ताई हमसाहमशी रडली. आणि रडता रडता तिच्या मनात काय आलं असेल? आता धाकटीकडची जागा रिकामी पडली असेल! तिनं लगबगीनं फोन लावला. "काय करतेस?"

"आईशी बसलेय," पलीकडून आवाज आला. मागे तीच टेप वाजत होती. "आत्ता काय स्पष्ट आलीये म्हणून सांगू!"

ताईनं फोन ठेवला. एकाच वेळी दोन घरांत? आईला तर दोघींच्या वेण्या एका वेळी घालणं जमलं नाही कधी.

मग इतके दिवस झोपलेल्या विज्ञानाच्या बाई खडबडून जाग्या झाल्या. तिनं कपाटातून शाळेतली एक जुनी टेप काढली. वर्गातल्या एका द्वाड मुलाचं पाठांतर, बाईंनीच एका माइकवर भरून घेतलेलं. लावली. द्वाड मुलगा भिंतीसमोर मधोमध उभा राहून चुकत चुकत पाठ म्हणू लागला. तो मुलगा जिवंत होता, चांगला ढेरपोट्या झाला होता, आणि कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवत होता.

ताई खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे सरकली. मुलगा डावीकडे सरकला. उजवीकडे कलली, मुलगा कलला. भिंतीशी जाऊन बसली, तर मुलगा जवळच्या स्पीकरात शिरला. तिला गुरुजींचा हात आठवला. ती खुर्चीत असताना तो कुठं होता? अँप्लिफायरवर. तिथलं एक बटण तिनं फिरवलं. उजवा स्पीकर हळू होत गेला, आणि मुलगा उठून खिडकीशी गेला.

"हात मेल्या!" ताई म्हणाली. ते मुलाला नव्हतं.

निरोपाच्या रविवारी ती वेळेवर गेली. पिशवीत एक टेप होती. आदल्या रविवारचं गुरुजींचं प्रवचन तिनं छोट्या रेकॉर्डरवर भरून घेतलं होतं. "आठवण म्हणून भरून घेऊ का?" असं तिनं विचारलं होतं, आणि गुरुजी खुशीत खाकरून जरा जास्तच बोलले होते.

"जाता जाता एक देते," तिनं टेप पुढे केली. "आईची आणखी एक सापडली."

धाकटीचे डोळे चमकले. "खरं? ताई, खरंच?" ताईला त्या डोळ्यांकडे बघवेना. पण तिनं हात मागे घेतला नाही.

गुरुजींनी स्वतःच्या हातानं टेप आत सारली. "बसा, धाकट्या बाई. डोळे मिटा. नवीन माउली येतेय!"

खोली कानांत प्राण आणून बसली. आणि दोन स्पीकरांच्या मधोमध, रिकाम्या भिंतीतून आवाज आला,

"देह गेला, नाद राहिला! नाद कुठं जातो? कुठंच नाही!"

धाकटीनं डोळे उघडले. समोर कुणी नाही. अँप्लिफायरजवळ गुरुजी, तोंड उघडं.

"अगंबाई! गुरुजी," ताई म्हणाली, "तुम्ही कधी वारलात? आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत!"

शिंपीणकाकूला आधी हसू फुटलं. मग भिंतीकडच्या साऱ्यांनाच. गुरुजींनी बटणाकडे हात नेला, पण ताईचा हात आधी पोचला होता.

"ही... ही सिद्धी आहे!" गुरुजी म्हणाले. "जिवंतपणी नाददेह—"

"असेल. मग जरा खिडकीशी जाऊन उभे राहा." तिनं बटण फिरवलं. भिंतीतले गुरुजी प्रवचन करत करत खिडकीशी गेले. "बघा, आता यांचीही आपल्याकडे पाठ आहे. काय पाप केलंय आपण, कोण जाणे!"

मग तिनं वर्गात समजावत असे तसं समजावलं. "एका माइकवर भरलेला आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच निघतो. तुम्ही दोघांपासून सारख्या अंतरावर बसलात, की तो दोन्ही कानांना एकाच वेळी, तेवढाच पोचतो. डोक्याला दोन आवाज कळत नाहीत, ते म्हणतं बोलणारा समोर, मधोमध आहे. ही दोरी मंत्राची नाही, मापाची आहे. भिंतीपासून पुढे ओढणं, सतरंजी, पडदा हे सगळं उत्तम केलंय यांनी, स्पीकर असेच मांडावेत. तेवढंच सांगितलं असतं तर मी यांना नमस्कार केला असता. उठा काकू, बसा खुर्चीत. आणि डोकं हलवा, कुणी रागावत नाही."

काकू बसली, हलली, खिदळली. एकेक जण बसला. पोस्टमास्तर उठून म्हणाले, "मला पहिल्यापासून संशय होताच." त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. गुरुजी या गडबडीत केव्हा गेले ते कळलं नाही. दोरी मात्र विसरले नाहीत.

खोली रिकामी झाली. धाकटी जागची उठली नव्हती.

"म्हणजे आई माझ्याकडे आलीच नव्हती."

"नव्हती. माझ्याकडेही नव्हती."

"आता थंड झाली असशील."

"होईन असं वाटलं होतं," ताई म्हणाली.

"आईची टेप म्हणालीस तू! माझ्या तोंडावर! जा ताई, आत्ता जा."

ताई गेली. गुरुजी हरले होते, पण त्यांनी मागितलं होतं ते त्यांना मिळाल्यासारखंच झालं होतं. ताईनं रोज फोन केला. धाकटी उचले आणि ठेवून देई.

एके दिवशी दुपारी बेल वाजली. दारात धाकटी, फुगलेल्या गालांची. आत आली, खोलीभर नजर फिरवली, आणि थबकली.

"ही धुडं कधी आणलीस?"

"तुझ्याकडे होते म्हणून."

"एवढे मोठे?"

"तुझ्यापेक्षा मोठे पाहिजे होते."

धाकटी बघतच राहिली. तिच्या सगळ्या जन्मात ताईनं तिचा हेवा केला असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. "वेडी आहेस," ती म्हणाली. "मला वाटायचं, आई सगळं तुझ्यावर सोपवते, तिला तूच खरी वाटतेस. मी आपली लाडापुरती."

ताईनं टेप लावली. मधल्या जागेसाठी दोघींनी कोपर मारून पाहिलं. शेवटी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्या.

"पोरींनो, दिवे लागले..."

"माझ्या बाजूनं बोलतेय," धाकटी म्हणाली.

"काहीतरीच! माझ्या बाजूनं."

दोघींचंही खरं होतं. जिला जो स्पीकर जवळ, तिला त्यातून आई ऐकू येत होती. ताईनं ते शास्त्र सांगायला तोंड उघडलं आणि यावेळी मिटलं, कारण धाकटीला ते आता ठाऊक होतं, आणि तरीही ती हसत ऐकत होती.

गेलेल्या माणसाचा आवाज जरूर ऐकावा. चांगल्या स्पीकरांवर, नीट मांडून ऐकावा, रडू आलं तर रडावं. त्यात खोटं काही नाही. पण कुणी जर सांगू लागला, की गेलेलं माणूस फक्त या एका खुर्चीला भेटतं, आणि तुमच्याच घरच्या माणसाकडे त्याची पाठ आहे, तर हात जोडण्याआधी त्या खुर्चीतून उठा. खोलीभर फिरा, बटणं फिरवून पाहा, प्रश्न विचारा. खरं असेल ते तुमच्या फिरण्यानं पळून जाणार नाही.