कराराचा ओंडका

थंडी पडण्याआधीच्या पहिल्या रविवारी लेकाने यायचे, ढिगातला एक ओंडका स्वतः निवडायचा आणि आईने तो त्याच्यादेखत फोडायचा, असा चार वर्षांपासूनचा करार होता. फुटला तर आई आपल्या घरी राहणार. न फुटला तर लेकाच्या चौथ्या मजल्यावर. करार आईनेच ठरवलेला असल्यामुळे मोडण्याची सोय नव्हती.

यंदा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे तिने कोणालाही सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लेकाने ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नेमका दोन फांद्या फुटतात तिथला, मधोमध गाठ असलेला ओंडका बाहेर ओढला.

"सख्खाच ना रे तू माझा?"

"म्हणून तर. हट्ट सोड आता. तिथे लिफ्ट आहे."

"लिफ्टने जायचं कुठे? खाली, आणि परत वर."

आईने चष्मा पुसला. ओंडक्याच्या भेगा बोटाने चाचपल्या. कुऱ्हाडीची धार अंगठ्यावर पाहिली. पुन्हा चष्मा पुसला. लेक तिनेच वाढवलेला होता. हात खिशात घालून दुसऱ्याचे काम बघत राहणे त्याला सात मिनिटांपलीकडे साधत नाही, हे ती जाणून होती.

त्याने सहाव्याच मिनिटाला हात बाहेर काढले.

"अगं, असं किती वेळ! आण इकडे."

"करार माझा आहे."

"नुसतं दाखवतो."

त्याने पहिला घाव थेट गाठीवर घातला. कुऱ्हाड तिथेच रुतून बसली.

"छान. खुंटी झाली. टोपी अडकव."

लेकाचे कान तांबडे झाले. त्याने हिसडे देऊन कुऱ्हाड उपसली, कडेच्या भेगेत लोखंडी पाचर बसवली आणि घण उचलला. राग वडिलांचा, घणही वडिलांचाच. अकराव्या घावाला भेग गाठीला वळसा घालून तळापर्यंत उतरली. ओंडका आता केवळ सवयीने एकत्र राहिला होता.

"थांब," आई म्हणाली. "दाखवून झालं ना?"

तिने दुसरी पाचर भेगेत टेकवली, डाव्या हातात लहान हातोडी घेतली आणि तीन टोले दिले. ओंडक्याची दोन शकले दोन बाजूंना पडली.

"आई, निम्मं काम माझं आहे!"

"मग निम्मं जळण तुझं. घेऊन जा."

लेकाने आपल्या वाट्याचे शकल उचलले. आईच्या प्रवासासाठी गाडीच्या मागच्या सीटवर त्याने उशी आणून ठेवली होती. ते लाकूड त्याने त्या उशीवर ठेवले आणि तो चूल नसलेल्या आपल्या घरी निघून गेला.

आईने खांद्याला तेल चोळले. मग ढिगापाशी जाऊन, त्याहून वाकडा, तीन गाठींचा एक ओंडका तिने पायाने लोटत लोटत पुढे आणला आणि पुढच्या वर्षी लेकाच्या सहज नजरेस पडेल असा ठेवला.